तंजावरचा गेम कोणत्या इंजिनात?

उत्साही : काका, ‘देवेंद्र कुरवंजी’वर गेम करायचं मी ठरवलं आहे. दुसऱ्या सर्फोजी राजांनी मराठीत लिहिलेलं हे नाटक. भविष्य सांगणारी कुरवंजीण रंगमंचावर येते आणि तिच्या तोंडून जगाचा भूगोल ऐकू येतो. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरात बसून एका राजाला वाटलं, की खंड आणि देश शिकवायचे तर नाचत-गात शिकवावेत. आजच्या मुलांसाठी तेच फोनवर का करू नये? चित्रं थोडी जमतात, कोड थोडाफार येतो, नोकरीवरून आल्यावर रात्री दीड-दोन तास मिळतात. अडलंय एकाच ठिकाणी : इंजिन कोणतं घ्यायचं? युनिटी, अनरियल, गोडो, गेममेकर, प्रत्येकाचे व्हिडिओ पाहिले आणि प्रत्येक वेळी मत बदललं. हा निर्णय मला किरकोळ वाटत नाही. एकदा एका इंजिनात शिरलो, की पुढची काही वर्षं तिथेच राहायचं आहे.

साशंक : निर्णय किरकोळ नाही, हे मान्य. पण तो आधी घेतलास म्हणून अडलास. इंजिन करतं काय ते बघ. सेकंदाला तीस-साठ वेळा पडदा नव्याने रंगवतं, बोट कुठे टेकलं ते कळवतं, दोन वस्तू धडकल्या का ते तपासतं, आवाज वाजवतं आणि शेवटी या सगळ्याचं अँड्रॉइडवर चालेल असं पुडकं बांधून देतं. आता तुझ्या गेममध्ये यातलं काय काय लागणार? कुरवंजीण बोलते, नकाशा दिसतो, मूल एक ठिकाण निवडतं, कुरवंजीण पुढचं सांगते. धडका नाहीत, त्रिमिती नाही, शत्रू नाहीत. हे ट्वाइन, रेनपाय अशा गोष्टीवजा गेमच्या साधनांत होतं, साध्या वेबपानावरही होतं. हौशी माणसाचे गेम इंजिन चुकल्यामुळे क्वचितच बुडतात. ते बुडतात इंजिनांची तुलना करण्यात गेलेल्या रात्रींमुळे. नमनालाच घडाभर तेल जातं. ‘बालाट्रो’ बघ. 2024 साली जगभर गाजलेला पत्त्यांचा गेम. तो एकट्या माणसाने, हौस म्हणून सुरू केलेला आहे आणि ‘लव्ह’ नावाच्या छोट्या चौकटीवर, ल्युआ भाषेत लिहिलेला आहे. त्या चौकटीला दृश्यं मांडायचा संपादकसुद्धा नाही. त्याला काय हवं ते ठाऊक होतं, म्हणून तेवढ्यावर भागलं.

उत्साही : त्याला ठाऊक होतं, मला नाही, फरक तिथेच आहे. माझ्यासारख्याला इंजिनाचा संपादकच शिकवतो. दृश्य म्हणजे काय, एक वस्तू दुसरीच्या पोटात कशी ठेवायची, एखादी खूण मिळाली की दुसऱ्या वस्तूने काय करायचं, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. गोडोच्या डावीकडच्या झाडात वस्तू ओढत-सोडत शिकलो. रिकाम्या फाइलपुढे बसून शिकणारे असतात, मी त्यातला नाही. दुसरं असं, की गरज छोटी असली म्हणजे कोणतंही साधन चालतं, असं इंग्रजीत गेम करणाऱ्याला म्हणता येईल. आपल्याला नाही. मी एक प्रयोग केला. पडद्यावर फक्त ‘तंजावर’ लिहिलं. सगळीकडे नीट दिसलं. मला वाटलं, झालं काम. मग ‘सर्फोजी’ लिहिलं. फाइलमध्ये अक्षरं अशी साठवलेली असतात : स, र, हलन्त, फ, ओची मात्रा, ज, दीर्घ ईची वेलांटी. पडद्यावर उमटताना र नाहीसा होऊन त्याचा रफार व्हायला हवा, आणि तो फ ओलांडून ओच्या मात्रेच्या माथ्यावर जाऊन बसायला हवा. ही समज नसलेलं इंजिन र चा पाय मोडून तसाच ठेवतं आणि पुढे ‘फोजी’ लिहून मोकळं होतं. ‘शिवगंगा’ लिहिलं तर पहिली वेलांटी श च्या आधी यायची ती नंतर येते आणि व च्या डोक्यावर पडते. ‘बृहदीश्वर’ आणि ‘सरस्वती महाल’ यांचीही तीच गत. तंजावरचं नाव सुटतं, कारण त्यात जोडाक्षरही नाही आणि पहिली वेलांटीही नाही. बाकी तंजावर सगळं मोडतं.

साशंक : हा मुद्दा मला पटला, आणि इंजिनांच्या तुलनेत तो कुठेच येत नाही, याचं वाईट वाटतं. तिथे सावल्या, प्रकाश आणि वेग यांची चर्चा असते, अक्षराची नसते. मग त्याचं उत्तर काय निघालं?

उत्साही : युनिटीत मजकुरासाठी बहुतेक सगळे टेक्स्टमेश प्रो वापरतात. त्याला देवनागरीची ही जुळणी येत नाही. लोक बाहेरून जोडण्या विकत घेतात, किंवा मजकूर आधीच उलटापालटा करून ठेवतात. युनिटी 6 मध्ये यूआय टूलकिटसाठी नवी अक्षरजुळणी आली आहे, पण शिकवणारे बहुतेक व्हिडिओ जुन्याच वाटेने जातात. गोडोने 2023 च्या मार्चमध्ये चौथी आवृत्ती काढली, तेव्हा अक्षरांची सगळी व्यवस्था नव्याने लिहिली आणि आत हार्फबझ बसवलं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिसमध्ये अक्षरं जुळवायला तेच असतं. मी फाँट टाकला आणि सर्फोजी सरळ उभे राहिले. तमिळही नीट आलं. ‘कोविल’ लिहिताना ‘को’च्या स्वराचा एक तुकडा क च्या आधी आणि एक नंतर बसतो, तोही जागच्या जागी बसला.

साशंक : आता पुढची पायरी बघ. कुरवंजीण बोलते, तेव्हा अक्षरं एकेक करून उमटावीत असं तुला वाटणार. सगळ्या गोष्टीवजा गेममध्ये तसं असतं. इंग्रजीत एकेक अक्षर दाखवत गेलं की झालं. मराठीत संगणकाच्या हिशेबाने एकेक चिन्ह दाखवत गेलास, तर ‘स्वर्ग’ उमटताना आधी स, मग पाय मोडलेला स, मग स्व, मग स्वर असं नाचत नाचत येईल. वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यापुढे शब्द क्षणाक्षणाला आकार बदलेल. तिथे तुझं इंजिन काय करतं?

उत्साही : गोडोच्या लेबलमध्ये त्याची सोय आहे. जुळणीच्या आधीची चिन्हं मोजायची, जुळणीनंतरची मोजायची, की तयार झालेले आकार मोजायचे, हे निवडता येतं. मी तिसरा पर्याय घेतला. अक्षर उमटतं ते शहाण्यासारखं उमटतं. असं एखादं बटण कुणीतरी विचार करून ठेवलेलं दिसलं, की त्या इंजिनावर जीव जडतो. हे भावनेचं बोलणं आहे, कबूल. पण हौसेच्या कामात भावना नको म्हणून कसं चालेल? दिवसभर दमून आल्यावर रात्री दहाला मी तो संपादक उघडणार आहे, तो जीव जडल्यामुळेच.

साशंक : ठीक. पण अक्षराचा मुद्दा धरला, तर तो माझ्याच बाजूने जातो. देवनागरी आणि तमिळ सगळ्यात बिनचूक कुठे दिसतात? ब्राउझरमध्ये. तिथे अब्जावधी लोक रोज वाचतात, चूक असेल तर लगेच आरडाओरडा होतो. ट्वाइनमध्ये केलेली गोष्ट म्हणजे शेवटी एक वेबपानच. रेनपायमध्येही आता हार्फबझ आलं आहे. म्हणजे अक्षरासाठी गोडोच हवं असं काही नाही. आणि याहून मोठा प्रश्न तू विचारलाच नाहीस. हा गेम वाचणार कोण? इथे तंजावरात आपल्या कितीतरी घरांत मराठी बोलली जाते, पण वाचन सगळं तमिळमधून. शाळा तमिळ किंवा इंग्रजी माध्यमाची. देवनागरी येते ती हिंदी शिकलेल्याला, किंवा स्तोत्राचं पुस्तक हातात आलेल्याला. तू रफाराची एवढी काळजी घेतलीस, आणि तुझ्याच मामेबहिणीच्या मुलाला तो वाचता येणार नाही.

उत्साही : हे मला टोचलं. खरं आहे. मग मजकूर दोन्ही लिप्यांत द्यायचा : पुण्या-नाशिकच्या मुलांसाठी देवनागरी, इथल्यांसाठी तीच मराठी तमिळ लिपीत. आणि दोन्हींच्या वर आवाज. आजीच्या पिढीची तंजावरी मराठी कुरवंजिणीच्या तोंडी घालायची. तिची लय पुण्याच्या मराठीची नाही. मग लिपी कुठलीही असो, ऐकून कळेल. शिवाय मला एक पायरी मोडीची ठेवायची आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात तंजावर दरबाराचे मोडी कागद आहेत. त्यातल्या कागदांचं तमिळ भाषांतर इथल्या तमिळ विद्यापीठाने छापलं आहे. मोडी 2014 पासून युनिकोडमध्ये आहे, फाँटही मोफत मिळतो. मुलाने मोडीतलं एक गावाचं नाव ओळखलं की नकाशावर ते गाव उजळेल. सांगा, हे सगळं ट्वाइनमध्ये करत बसू?

साशंक : बघ, दोन वाक्यांत गेम तिप्पट झाला. दोन लिप्या, आवाज, मोडी. प्रत्येक गोष्ट चांगली आहे, म्हणूनच भीती वाटते. मोठं इंजिन हातात असलं की असं होतं. सोय दिसते म्हणून गरज निर्माण होते. आणखी काय काय घालणार आहेस?

उत्साही : बाहुली. तुम्ही हसाल, पण सांगतो. मेनूमध्ये तंजावरची बाहुली ठेवायची आहे, ढकलली तरी उठून उभी राहणारी, राजा-राणीची. खाली गोल बूड, त्यात मातीचं वजन, वर हलका देह. मी ती गोडोत उभी केली. कडक वस्तूचा एक नोड, त्याला खाली गोल आकार आणि वर शंकूसारखा. गुरुत्वमध्य आपोआप ठरू दिला तर बाहुली पालथी पडते आणि पडूनच राहते. तो हाताने खाली, बुडाच्या वर्तुळाच्या मध्याच्याही खाली नेला, की बोटाने ढकलल्यावर ती कलते, डुलते आणि उठते. घर्षण कमी ठेवलं तर घसरत जाते, अवमंदन (डॅम्पिंग) वाढवलं तर दोन झोक्यांत थांबते. कुंभाराला जे हाताला कळतं, ते मला त्या तीन आकड्यांत कळलं. त्या रात्री मी बाहुलीशिवाय काहीच केलं नाही, आणि ती रात्र वाया गेली असं मला वाटत नाही.

साशंक : वाया गेली नाही. पण तुझ्या मेनूतल्या बाहुलीला भौतिकशास्त्र लागत नाही. कोन हळूहळू कमी होत जाणारी एक लहर लिहिली की झालं, चार ओळींचं काम, आणि स्वस्तातल्या फोनवर बॅटरीही खाणार नाही. तू शिकलास, आनंद मिळाला, हे मोलाचं आहे. मात्र शिकण्याचा आनंद आणि गेम पुरा होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंजिन निवडताना यातलं आपल्याला कोणतं हवं आहे, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावं लागतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ केला, 2020 साली आला, अनरियलवर. देखणं काम आहे, पौराणिक भारत इतका सुंदर गेममध्ये फार थोड्यांनी उभा केला असेल. पण त्यामागे पूर्णवेळ राबणारा चमू होता, वर्षं होती. ते बघून एखादा मुलगा आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अनरियल चढवतो, पहिलं दृश्य उघडेपर्यंत पंखा घोंघावायला लागतो, आणि आपल्याला हे जमत नाही असं मनाशी धरून तो बाजूला होतो. त्या मुलात काही कमी नसतं.

उत्साही : अनरियल मी सोडलंच आहे. दहा लाख डॉलरच्या वर कमाई गेल्यावर ते 5 टक्के मागतात, त्याची मला चिंता नाही. पण माझ्या सपाट, चित्रमय गेमला तो डोलारा नको. खरी ओढाताण युनिटी आणि गोडोत आहे. आणि तिथे माझं मन 2023 च्या सप्टेंबरनंतर ठाम झालं. 12 तारखेला युनिटीने जाहीर केलं, की ठरावीक कमाई आणि ठरावीक इन्स्टॉल ओलांडले, की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे 20 सेंटपर्यंत शुल्क. आधीच बाजारात असलेल्या गेमनाही ते लागू होणार होतं. जगभर संताप झाला, दहा दिवसांत नियम सौम्य केले, प्रमुखाने पद सोडलं, आणि वर्षभराने ते शुल्क रद्दच झालं. ‘टेरारिया’ करणाऱ्यांनी गोडोला आणि दुसऱ्या एका मुक्त प्रकल्पाला प्रत्येकी 1 लाख डॉलर दिले. माझ्या गेमने 2 लाख डॉलर मिळवले असते तेव्हाच मला तो नियम लागला असता, म्हणजे कधीच नाही. प्रश्न पैशाचा नाहीच. मी पाच वर्षं ज्या घरात राहणार, त्याचा मालक एका सकाळी भाडेकरार बदलू शकतो, हे कळल्यावर तिथे सामान कसं लावायचं? गोडो एमआयटी परवान्याखाली आहे. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते लिहिलं आणि 2014 साली सगळ्यांसाठी खुलं केलं. ते उद्या भांडले, कंटाळले, काहीही झालं, तरी माझ्याकडची प्रत माझी.

साशंक : आता मला युनिटीची बाजू घेऊ दे, कारण ती घेणारं इथे कुणी नाही. एक, ते शुल्क रद्द झालं आहे. झालेल्या चुकीवर आजचा निर्णय बेतणं हा राग झाला, हिशोब नव्हे. दोन, रात्री अकराला तू अडलास तर उत्तर कुठे पटकन सापडेल? युनिटीवर वीस वर्षांची प्रश्नोत्तरं साठली आहेत. तीन, तुझ्यासारखा पोटापाण्याची नोकरी असलेला माणूस एक; पण इथल्या शास्त्र विद्यापीठातला किंवा एखाद्या पॉलिटेक्निकमधला मुलगा हौसेने सुरुवात करतो, तेव्हा त्याला बंगळूरु-चेन्नईच्या स्टुडिओत नोकरी मिळायची आशा असते. तिथे युनिटी आणि सी शार्प विचारतात. त्याला तू तत्त्वाच्या गोष्टी सांगून गोडोत ढकललंस, तर त्याचं नुकसान होऊ शकतं. आणि चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘माझी प्रत माझी’ हे अर्धसत्य आहे. गोडो तीनमधले गेम गोडो चारमध्ये जसेच्या तसे उघडले नाहीत, लोकांना कोड दुरुस्त करत बसावं लागलं. तू म्हणशील, मी जुन्याच आवृत्तीवर राहीन. पण गूगल प्ले दरवर्षी सांगतं, की ॲप नव्या अँड्रॉइडला धरून बांधलेलं हवं. जुनं इंजिन ते करू शकलं नाही, तर तुझा गेम नव्या फोनला दुकानात दिसेनासा होतो. इंजिन मुक्त असलं तरी ज्या रस्त्याने गेम लोकांपर्यंत जातो, तो रस्ता मुक्त नाही. खातं उघडायला 25 डॉलर, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी 12 परीक्षकांकडून सलग 14 दिवस चाचणी. तंजावरात 12 जण मिळतील, पण हे आधी माहीत असलेलं बरं.

उत्साही : नोकरीचा मुद्दा मी मान्य करतो, पूर्णपणे. त्या मुलाला मी युनिटीच सांगेन. दुकानाच्या रस्त्याबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. मुक्त इंजिन मोडलं तर दुसरं कुणी दुरुस्त करू शकतं. मायक्रोसॉफ्टने 2013 साली एक्सएनए हे आपलं गेम करायचं साधन बंद केलं. त्यावर ‘स्टारड्यू व्हॅली’ उभा होता. तरी तो बुडाला नाही, कारण लोकांनी त्याच धर्तीवर मोनोगेम नावाचं मुक्त साधन लिहिलं होतं आणि गेम तिकडे नेता आला. उलट फ्लॅश बघा. 2020 च्या 31 डिसेंबरला अडोबीने हात काढून घेतला आणि शाळेच्या संगणकावर खेळलेले हजारो गेम काही दिवसांतच मुके झाले. रफल नावाच्या मुक्त प्रकल्पामुळे काही परत चालतात. जिवंत राहिलं ते कंपनीच्या बाहेरच्या लोकांमुळे. आणि या गावात टिकाऊपणाची कदर शिकवावी लागत नाही. सर्फोजींनी घराण्याचा मराठी इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर 1803 साली दगडात कोरवला, आणि 1806 साली स्वतःच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ म्हणून छापल्या. दगड आणि छापखाना, त्यांनी दोन्ही वापरलं. म्हणून मीही ठरवलंय, की मजकूर इंजिनाच्या पोटात ठेवायचा नाही. सगळी वाक्यं एका साध्या सीएसव्ही तक्त्यात : एका रकान्यात खूण, पुढे देवनागरी, पुढे तमिळ, पुढे आवाजाच्या फाइलचं नाव. गोडो तसा तक्ता भाषांतरासाठी सरळ वाचतो. चित्रं पीएनजीत, आवाज वेव्हमध्ये. इंजिन बदललं तरी एवढं तर हातात राहील.

साशंक : ही शिस्त उत्तम आहे, कुठलंही इंजिन घे, ती सोडू नकोस. पण त्यामुळे प्रश्न सुटला असं समजू नकोस. उलट तो आता नेमका झाला. तक्त्यात शब्द राहतील, चित्रं राहतील. कुरवंजीण बोलताना किती थांबते, नकाशावर बोट ठेवल्यावर किती क्षणांनी गाव उजळतं, बाहुली कशी डुलते, हे कुठे राहील? ते कोडमध्ये आहे आणि कोड इंजिनाच्या भाषेत आहे. गेम म्हणजे तेच असतं. तुला इथलंच उदाहरण देतो. सर्फोजींवरची तमिळ ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या देवळात उत्सवात नाचली जायची. संहिता आजही आहे. देवदासींची परंपरा तुटली आणि देवळातला तो प्रयोग थांबला. पुढे नर्तकांनी ती मंचावर आणली, ज्यांना ते नृत्य ठाऊक होतं त्यांच्या आठवणीच्या आधाराने. कागदाने शब्द राखले, नाच राखला तो शरीरांनी. तुझा सीएसव्ही हा संहितेचा कागद आहे. नाच इंजिनात आहे.

उत्साही : म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूला आलात. नाच इंजिनात आहे, म्हणून इंजिन ज्याला उघडून वाचता येतं ते हवं. गोडोत दृश्याची फाइलसुद्धा साध्या मजकुरात असते. वीस वर्षांनी कुणी ती उघडली, तर गुरुत्वमध्य कुठे ठेवला होता तो आकडा त्याला डोळ्यांनी दिसेल. तो दुसऱ्या इंजिनात पुन्हा डुलवू शकेल.

साशंक : आकडा दिसेल. तो आकडा त्या इंजिनाच्या भौतिक गणितात ज्या अर्थाचा होता, तो अर्थ दिसेलच असं नाही. आणि वेबपान मी उगाच म्हणत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचं साधं वेबपान आजही उघडतं. हे भाग्य कुठल्याच इंजिनाच्या वाट्याला आलेलं नाही. तुझी अडचण मला आता अशी दिसते : तुला रात्री दीड तास मिळतो. त्यात लवकर पुरा होणारा गेम एका साधनात होईल, जास्त टिकणारा दुसऱ्यात, ज्यात तुला आनंद मिळतो ते कदाचित तिसऱ्यात, आणि नोकरी देणारं चौथ्यात. हे चारही एका इंजिनात मिळतात असं सांगणाऱ्या प्रत्येक तुलनेवर माझा अविश्वास आहे.

उत्साही : माझ्यापुरतं तरी आनंद आणि टिकणं एकाच ठिकाणी आहे. पुरा होण्याबद्दल मी हमी देऊ शकत नाही. दोन लिप्या हव्यातच. मोडीची पायरी पहिल्या आवृत्तीत नसली तरी चालेल. बाहुली मी सोडणार नाही.

साशंक : बाहुली ठेव. मग एक कर. कुरवंजिणीचं एकच दृश्य, एकच संवाद, आणि त्यात सर्फोजी, शिवगंगा, कोविल हे शब्द. ते गोडोत कर आणि वेबपानावरही कर. दोन्ही घरातल्या सगळ्यात जुन्या अँड्रॉइड फोनवर चालव. गोडोचा गेम वेबवरही काढता येतो, 4.3 पासून ते पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. मात्र सी शार्पमध्ये लिहिलास तर गोडो चारमधून वेबवर निघत नाही, म्हणून गोडोच्या स्वतःच्या जीडीस्क्रिप्ट भाषेतच लिही. एखाद्या मुलाच्या हातात दे आणि गप्प बसून बघ. मी वेबच्या बाजूने राहीन, तू गोडोच्या, आणि ते मूल कदाचित दोघांनाही चूक ठरवेल.

उत्साही : करतो. पण मुलाने वेबपान उचललं, तरी मी गोडो सोडेन असं वचन देत नाही.

साशंक : देऊ नकोस. इंजिन पुढच्या वर्षी निवडलंस तरी काही बिघडत नाही, नवी आवृत्ती येईल, आणखी सोपी असेल. एक गोष्ट मात्र पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही. तंजावरी मराठी सहज बोलणारी जी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांचा आवाज कुठल्याही इंजिनात तयार मिळत नाही. तू आणि हे वाचणाऱ्या ज्यांच्या ज्यांच्या घरी अशी माणसं आहेत त्यांनी या रविवारी पंखा बंद करून, फोन जवळ ठेवून त्यांना बोलतं करा. गाणं, म्हणी, स्वयंपाकाची कृती, गल्लीच्या गोष्टी, काहीही चालेल. वेव्ह फाइलमध्ये साठवा, मागे संगीत घालू नका, आणि फाइलच्या नावात गाव आणि तारीख लिहा.